बाळंतिणीच्या खोलीतले उंदीर

मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. आमच्या भिसेगावात शेजाऱ्यांच्या विहिरीवर माझ्या हातून बादली जोरात आपटली, तरी दुपारी जाऊन मी माफी मागून येत असे. असा माणूस मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळायला लागला, ही आमच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं पुरलेली करमणूक होती. खालापूरकडच्या माझ्या सासुरवाडीत तर मला उंदरांचे जावई म्हणत.

"आमी पदरचं पैसं घालून उंदीर मारायचं औषध आनतो," बायकोची मावशी म्हणायची, "आनि ह्यांना उंदीर पोसायचा पगार!"

ते उंदीर कॅन्सरच्या अभ्यासासाठी होते. त्यांच्यातल्या एका जातीच्या माद्यांना वय वाढलं की छातीशी गाठी येत. त्यांच्या लेकींनाही येत. कारण आईच्या दुधात होतं. दुधातून एक विषाणू पिल्लांच्या पोटात जाई, पेशींत शिरे, आणि त्यांच्या जनुकांमध्येच कायमचा मुक्काम ठोकी. पिल्लं जन्मल्याबरोबर उचलून दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीखाली ठेवली, तर बहुतेकींना गाठी येत नसत. ही उचलाउचल माझं काम. नव्या मादीने परकी पिल्लं खाऊन टाकू नयेत, म्हणून तिच्याच पिंजऱ्यातला भुसा मी त्यांच्या अंगाला चोळत असे. मग खऱ्या आईच्या पिंजऱ्याकडे न बघता बाहेर पडत असे.

बायको गरोदर असताना एकदा म्हणाली, "तुम्ही तिथं नेमकं करता तरी काय?" मी सगळं सांगितलं. खोटं बोलायला मला जमत नाही, आणि खरं बोलताना कुठे थांबावं ते कळत नाही. माझं सांगून झालं तरी ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. तिची आई छातीच्या गाठीने गेली होती. मला ते माहीत होतं, पण त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाल्याचा निरोप चार दिवसांनी आला, तसा मी निघालो. दारातच मावशीने गाठलं. मावशी म्हणजे माझ्या सासूची थोरली बहीण. सासू गेल्यापासून ते घर तीच चालवायची.

"या, उंदरांचे जावाय. काय भरवलंय आमच्या पोरीच्या डोक्यात? लेकराला अंगावर घ्यायला नाय म्हनते. म्हनते, आयची गाठ माझ्यात आली आसंल, माझी हिच्यात जायची."



तोपर्यंत बाळाला पाजत होती ती माझ्या मेहुण्याची बायको, आमच्या वहिनी. तिचा मुलगा नुकताच रांगायला लागला होता. तिला दूध भरपूर होतं आणि मनही मोठं होतं. आत माझी बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची छाती ताठून दगड झाली होती. मावशी ते दूध वाटीत पिळून घ्यायची आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून परड्यात झाडाच्या मुळाशी ओतायची. "आसंच चाललं तं आटंल गं," असं तिला पुन्हा पुन्हा बजावायची.

खरं म्हणजे मी बायकोची समजूत घालायला हवी होती. पण तिची भीती ऐकताऐकता ती मलाच खरी वाटू लागली. मग निदान दुसरी सोय तरी नीट लागावी, म्हणून मी हाताला सवयीचं होतं ते केलं. मेहुण्याच्या मुलाचं दुपटं तिथेच पडलं होतं. ते उचललं आणि बाळाला वहिनींच्या मांडीवर देण्याआधी त्या दुपट्याने मुलीचं अंग हळूहळू चोळू लागलो.

"भावजी, ह्ये काय करताय?" वहिनींनी विचारलं.

"तिला तुमच्या बाळाचा वास लागावा म्हणून," मी म्हणालो. "म्हणजे तुम्ही तिला परकी समजणार नाही."

 मावशी हसत हसत जमिनीवर बसलीच.

"अगं सूनबाई, भाचीला खाऊ नको गं! जावाय घाबरल्यात!"

"नाय खात," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच भाकर खाल्लीया. पोट भरलंय."

भिंतीकडे तोंड केलेली माझी बायकोही हसली. हसताना छाती दुखली म्हणून कळवळली, आणि तिचं चोळीवरचं लुगडं दुधाने भिजलं. तिने ते पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच कामावर गेलो आणि आमच्या वरिष्ठ बाईंसमोर उभा राहिलो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बायकांमध्ये असा विषाणू पुष्कळांनी शोधलाय. आईच्या दुधातून हा आजार मुलीला होतो, असं अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. पाजू दे तिला."

माझा चेहरा काही खुलला नाही. म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. उंदरांना कॅन्सर करणारे दुसरेही विषाणू आहेत. त्यांच्यातल्या काहींजवळ एक घातक जनुक असतं. ते मुळात त्यांचं नसतंच. ते पेशींमधूनच उचललेलं असतं. तशी जनुकं माणसांतही असतात, सगळ्यांत, पेशींच्या वाढीचं रोजचं काम करत. ती बिघडली तर गाठ होऊ शकते.

"म्हणजे माझ्यातही?"

"तुझ्यात, माझ्यात. आणि तू माफी मागितलीस म्हणून ती जाणार नाहीत."

संध्याकाळी सासुरवाडीला पोचेपर्यंत मी ठरवलं होतं, की बायकोला पहिलंच सांगायचं, हे दुसरं गाळायचं. बाजेजवळ बसलो आणि दोन्ही सांगून टाकलं. मावशी उंबऱ्यावर लसूण सोलत होती. तिने कपाळावर हात मारला.

बायकोने मात्र मान वळवली. "हिच्यात पण आहे ते?"

"हो. पोटात होती तेव्हापासून. तुझ्याकडून, माझ्याकडून."

"मी पाजलं नाही तरी?"

"तरी."

तिने वहिनींच्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी हिच्यापासून नुसतं दूधच लांब ठेवत होते?"

"तुझी आय जिचं प्यायली, तिचंच मी पन प्यायलीया," मावशी उंबऱ्यावरून म्हणाली. "मला कुठं काय झालं?"

एका प्राण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या दिवशी मी ते गिळलं.

बायकोने वहिनींकडून मुलीला मागून घेतलं. मुलीला वहिनींची सवय झालेली. तिने तोंड फिरवलं, मुठी आवळून रडली, पुन्हा तोंड फिरवलं. बायकोच्या कपाळावर घाम आला. मावशीने मला खोलीबाहेर घालवलं. पुरुषमाणसाचं तिथे काम नव्हतं, आणि मी काय बोलेन याचा तिला भरवसाही नव्हता. पडवीत उभा राहून मी ते रडणं ऐकत होतो. ते थांबलं तेव्हा मला आधी भीतीच वाटली.

"काय झालं?" मी बाहेरून विचारलं.

"पितेय," आतून बायकोचा आवाज आला.

"तुला भीती नाही ना वाटत आता?"

"वाटते की. गाठ आली तर आधी मला येईल, तेव्हा बघू. आत्ता हिला भूक लागलीय. तुम्ही हळू बोला."