वॉल्टला घातलेली शाल

चांगल्या मनाने, पैठणी नेसून, हातात नारळ घेऊन तुम्ही कधी अख्ख्या शहराला रडवलंय का? मी रडवलंय. चहा घ्या आधी, मग सांगते.

पण वॉल्ट कोण ते कळल्याशिवाय मजा नाही. आम्ही अमेरिकेत ईडन प्रेरीला नवीन आलो तेव्हा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुनी गाडी घेतली. गाडी ठणठणीत, फक्त रेडिओचं बटण अडकलेलं. एकच स्टेशन लागायचं. सकाळी ऑफिसला निघाले की त्यावर वॉल्ट नावाचा माणूस घोगऱ्या आवाजात आदल्या दिवशीच्या मॅचवर बोलत असायचा. लोक फोन करायचे, तो ऐकायचा, भांडायचा, पुन्हा ऐकायचा. गाणी नाहीत, काही नाही. सगळी सकाळ नुसता खेळ.

मी सांगलीची. आमच्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट, नाहीतर कुस्ती. अमेरिकन फुटबॉलमध्ये ही एवढी मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर का पडतात, हेच मला कळत नव्हतं. पण बटण अडकलेलं, करता काय? पहिल्या हिवाळ्यात वैतागून ऐकलं, दुसऱ्या हिवाळ्यात सवयीने. त्यानंतर एकदा नवरा म्हणाला, बटण दुरुस्त करून आणतो, तर मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

कारण तोवर हे प्रकरण साधं नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं तेव्हापासून हा शो रोज सकाळी चालू होता! सुरुवातीला स्टेशनकडे जागा नव्हती, म्हणून वॉल्ट आणि त्याचा जोडीदार डेनी एका टायरच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून बोलायचे. मध्येच हवा भरल्याचा आवाज यायचा. जुने श्रोते अजून त्या आवाजाची आठवण काढतात. एकदा बर्फाच्या वादळात डेनी पोचलाच नाही, तर वॉल्टने एकट्याने दोघांच्या बाजूने भांडून सकाळ काढली. पुढे एकदा दोघांचं खरंच वाजलं. वर्षभर अबोला! म्हणजे माईक बंद असताना अबोला. माईक सुरू झाला की दोघं खिदळायला मोकळे. श्रोत्यांना पत्ताच नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात दोन माणसांचं वाजलं की तिसरं मंडळ निघतं, आणि हे दोघं रोज सकाळी शेजारी बसत होते.

फोन करणाऱ्या प्रत्येकाला तो नावानिशी ओळखायचा. कुणाचा गुडघा बदलला, कुणाचा मुलगा घरी परतला, सगळं त्याला ठाऊक. नर्सिंग होममधल्या लोरेन नावाच्या आजी रोज पहिला फोन करायच्या, कोचला बोल लावायला. आणि आमची टीम तर अशी, की जिंकता जिंकता हरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. त्या टीमबद्दल रोज नव्या उमेदीने बोलायचं! मला त्या माणसाचं फार अप्रूप वाटायचं. सकाळी तो आवाज कानावर पडला की या परक्या गावात आपल्याला कुणीतरी ओळखतं असं वाटायचं, आणि तो तर मला ओळखतही नव्हता. घरात आम्ही त्याला वॉल्टकाकाच म्हणायचो.

डेनीचं मात्र वाईट झालं. एका सकाळी शो चालू असताना स्टेशनच्या लोकांनी केक आणला, फ्रेम केलेलं मानपत्र दिलं, टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून डेनी नव्हता. त्याला काढून टाकलं होतं. पुढे तो वारला, तेव्हासुद्धा वॉल्ट दुसऱ्या दिवशी माईकवर होता. एक सेकंद आवाज थांबू दिला नाही त्याने. ही केकची गोष्ट श्रोते अजून सांगतात. मलाही माहीत होती. लक्षात ठेवा, कारण मी ठेवली नाही.

गेल्या वर्षी स्टेशनला नवे मालक आले. दुसऱ्या शहरांत त्यांनी असे गावातले शो बंद करून, लांब कुठेतरी बसलेल्या माणसांचा एकच शो सगळीकडे लावला होता. वॉल्टचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. त्याला कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "मला कळेल तेव्हा तुम्हालाही कळेल."  गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी, आणि मी स्टिअरिंग धरून बसलेली.

आता मला सांगा, मराठी माणसाचं मन भरून आलं की तो काय करतो? बरोबर. सत्कार करतो.

मंडळाचे अध्यक्ष देशमुख काका म्हणजे रिटायर्ड हार्ट डॉक्टर. त्यांच्या कपाटात शालींचा साठा कायम तयार. त्यांना भीतभीतच विचारलं, तर निघालं की हॉस्पिटलला जाताना तेही वर्षानुवर्षं वॉल्टच ऐकत होते. त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "सुजाता, माणूस खुर्चीत असतानाच सत्कार करावा. नंतर काय, नुसते फोटो उरतात."

शुक्रवारी हायवेवरच्या एका डायनरमधून, म्हणजे छोट्या हॉटेलातून, शो लाइव्ह होणार होता. स्टेशनची मॅनेजर ब्रेंडा, तिला मी ईमेल केला की आम्हाला वॉल्टचा छोटासा सन्मान करायचाय. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, जरूर या. बिचारीला वाटलं असेल आम्ही फुलं देऊ आणि पॅनकेक खाऊन घरी जाऊ.

बाहेर बर्फ. मी पैठणी, खाली स्नो बूट. काका सिल्कच्या कुर्त्यात, वर जाकीट. आत वॉल्ट बसलेला. आवाजावरून मी पहाडासारखा माणूस समजत होते. हा तर किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, समोर अर्धा खाल्लेला टोस्ट. मी इतकी वर्षं मनात भाषणं तयार केलेली, आणि तोंडातून निघालं काय? "वॉल्ट अंकल." बस्स. 

काका मात्र तयारीचे. त्यांनी माईक घेतला आणि मानपत्र वाचायला सुरुवात केली. लिहिलं मीच होतं, मंडळाच्या जुन्या मानपत्रांवरून, इंग्लिशमध्ये. आता आपली मानपत्रं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. या माणसाने आयुष्य वेचलं, असा माणूस पुन्हा होणे नाही, हे शहर त्यांचं सदैव ऋणी राहील, पुढील वाटचालीस शुभेच्छा. काकांचा आवाज एरवीच गंभीर, त्यात डॉक्टरकीचा. कित्येक नातेवाइकांना त्यांनी वाईट बातमी त्याच आवाजात दिली असणार.

मग काकांनी माईकवर जाहीर केलं, की आता सुजाता फ्रेम केलेलं मानपत्र देईल. दिलं. नारळ दिला. आणि काकांनी वॉल्टच्या खांद्यावर शाल घातली.

वॉल्टने शालीची कड हातात घेतली. तिच्याकडे बघत राहिला. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. डोळे भरलेले. त्याला बोलवेना.

अहो, तो माणूस रेडिओवर गप्प झाला! डेनी गेला तेव्हा नाही, वादळात नाही, आणि आमच्या एका शालीने गप्प झाला. मला इतकं धन्य वाटलं की मी पदर डोळ्याला लावला. पण रेडिओला शाल दिसते का? भरलेले डोळे दिसतात का? तिकडे गाडीगाडीत लोकांनी ऐकलं ते इतकंच: गंभीर आवाजात कौतुक, फ्रेम केलेलं मानपत्र, आणि मग वॉल्टच्या जागी शांतता.

पहिला फोन लोरेन आजींचा. आवाज कापत होता.

"वॉल्ट, आजच का रे? मला आधी सांगायचंस तरी."

वॉल्टने मान हलवली. रेडिओवर! मान हलवून काय उपयोग? मग फोनवर फोन. एक ट्रकवाला रडत होता. एकजण म्हणाला, माझ्या बापाने मला तुझ्या शोवर वाढवलं. कुणी टायरच्या दुकानातल्या हवेचा आवाज तोंडाने काढून दाखवला आणि त्यालाच हुंदका आला. सगळा इतिहास एकेक माणूस येऊन सांगत होता, जसं कुणी गेल्यावर ओट्यावर बसून सांगतात. मी भारावून ऐकत होते. काय लोकप्रियता! मला खरंच वाटलं, आपल्या सत्काराचा परिणाम.

तेवढ्यात माझ्या लेकीचा, ईशाचा, स्कूल बसमधून फोन. "आई, व्हॉट डिड यू डू? द बस ड्रायव्हर इज क्रायिंग. ही थिंक्स यू गाइज फायर्ड वॉल्ट!"

तोंडचं पाणी पळालं. डेनीची गोष्ट तेव्हा आठवली मला, तेव्हा!

मी काकांना खूण करतेय, तोच दारातून ब्रेंडा धावत आली. तिला आत काय झालंय याचा पत्ता नव्हता. ती आनंदात होती, कारण तिच्या पर्समध्ये वॉल्टचं नवीन कॉन्ट्रॅक्ट होतं. मालक तयार झाले होते, आणि ती ते शोमध्ये जाहीर करून त्याला सरप्राइज देणार होती. तिने सरळ माईक ओढला आणि म्हणाली, "वॉल्ट, वुई ब्रॉट यू अ केक!"

झालं. जे अजून रडत नव्हते तेही रडायला लागले.

ब्रेंडाने मग माईकवर शपथेवर सांगितलं की वॉल्ट जात नाहीये. कोण विश्वास ठेवणार? डेनीच्या वेळीही म्हणे असंच सांगितलं होतं. वॉल्टला एव्हाना आवाज फुटला होता, तोही ओरडून सांगत होता, तर लोक म्हणाले, बिचाऱ्याकडून वदवून घेतायत. डायनरच्या बाहेर गाड्या थांबल्या. लोक टोप्या काढून आत यायला लागले. एका आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही मालकीणबाई का? पैठणीमुळे वाटलं असेल. काका मला म्हणाले, "सुजाता, मागचं दार कुठाय?" आम्ही किचनमधून पळालो, नारळ तिथेच.

शनिवार-रविवार मला घास गेला नाही. सोमवारी ठरल्या वेळी गाडीत बसले. आधी नेहमीची जाहिरात, मग एक खाकरणं, आणि मग तो घोगरा आवाज, "तर, काल आपण पुन्हा हरलो." त्यापाठोपाठ लोरेन आजी, कोचच्या नावाने सुरू. मी सिग्नलला गाडी थांबवून ढसाढसा रडले. सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवेना. बघते तर तोही डोळे पुसत होता.

स्टुडिओत थंडी असते म्हणून वॉल्ट आता रोज ती शाल पांघरून बसतो. पण त्याने एक गंमत सुरू केली. दर सोमवारी टीममधल्या सगळ्यात वाईट खेळलेल्या खेळाडूला तो शाल जाहीर करतो. शाल मिळाली म्हणजे त्याचा कारभार आटोपला! आता सगळ्या शहरात तेच चालतं. माझ्या ऑफिसात कुणाला मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं की बाकीचे कुजबुजतात, शाल मिळणार बहुतेक.

दिवाळीच्या कार्यक्रमाला वॉल्ट पाहुणा म्हणून आला. पहिल्या रांगेत, शाल पांघरून, चकलीवर चकली. मी निवेदन करत होते. मध्येच देशमुख काकांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि त्याच गंभीर आवाजात म्हणाले, की आज ज्या कार्यकर्तीने मंडळाचं नाव घराघरात पोचवलं, तिचा आपण सत्कार करणार आहोत. आणि शालीची घडी उलगडत माझ्याकडे निघाले.

पहिल्या रांगेतून तो ओळखीचा आवाज आला, माईकशिवाय, हॉलभर.

"सुजाता, रन!"

एवढ्या मोठ्या माणसाने पहिल्यांदा मला नावाने हाक मारली होती. त्याचा शब्द मोडवेना हो मला. भर स्टेजवरून, पैठणी सावरत, मी पळाले.