माहूरच्या डोंगरावर, धुक्यात

लातूर नवा जिल्हा झाला, त्या कोरड्या वर्षी नवरात्रात मी आणि माझी थोरली बहीण पायवाटेनं माहूरचा डोंगर चढत होतो. दुपारी अचानक विजा कडाडल्या, पाऊस कोसळला. पाऊस बघून अक्का आधी हसली. मग ओल्या दगडावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. एवढ्यात धुकं उतरलं. मला तिला उचलवेना, सोडून जाववेना.

"तू खाली जा, माणसं आण," ती कण्हत म्हणाली.

"कसा जाऊ, अक्का? वाटच दिसंना."

आम्ही ओरडत राहिलो. कुणीतरी ओ द्यायचं, पण कुठून ते कळत नव्हतं. धुकं विरल्यावर गुराख्यांनी तिला घोंगडीत घालून उतरवलं. तोवर मी नुसता तिच्याजवळ बसलो होतो.