गाडी इथेच आणली होती

केशव मिस्त्री काल गेले, आणि ज्याने त्यांचं काम बंद पाडलं त्यानेच आज सगळ्यात आधी फेसबुकवर त्यांचा फोटो टाकला.

फोटोला हार, खाली जोडलेले हात. ‘आमच्या परिवारातले ज्येष्ठ, कुशल कारागीर.’

परिवारातले म्हणे. मिस्त्री कोणत्या गल्लीत राहायचे, विचारा त्याला.

त्याचं नाव लिहीत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी त्याची पिकअप चालवायचो. इथे नुसतं ‘मालक’ म्हणतो.

मिस्त्री मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर तिच्याच भिंतीला लागून, कडुनिंबाखाली पोतं अंथरून गाड्यांची कामं करू लागले. स्टीअरिंगचं काम त्यांच्यासारखं कोणी करत नसे. गिऱ्हाइकाचा अपमानही त्यांच्यासारखा कोणी करत नसे.

त्यांची एक रीत होती. दोष तोंडाने सांगायचे नाहीत. गाडीच्या मालकाला खाली झोपवायचे, जोडावर हात ठेवायला लावायचे आणि स्वतः वर बसून स्टीअरिंग हलवायचे.

‘मिलमध्ये बेअरिंग गेलं की मॅनेजरला म्हणायचो, साहेब, हात लावून बघा. लावायचा नाही. म्हणून तर बसलोय इथे.’

आमची पिकअप जुनी. चाळीसच्या वर नेली की स्टीअरिंग थरथरायचं. चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसायचा. मालकाला घेऊन मी कडुनिंबाखाली गेलो.

‘झोपा, शेठ.’

मालकाने आपल्या पांढऱ्या सफारीकडे बघितलं. ‘अरे मिस्त्रीजी, ये ड्रायव्हर है ना.’

‘ठीक. गाडी तुमची, पाठ त्याची.’

मी खाली झोपलो. टाय रॉड म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा; त्याच्या टोकाला, म्हणजे एंडला, एक गोळा असतो, वाटीत फिरणारा. तो घट्ट असेल तरच चाक स्टीअरिंगचं ऐकतं. मिस्त्रींनी वर स्टीअरिंग जरासं हलवलं. माझ्या तळहाताखाली गोळा वाटीत ठक-ठक आपटला. चाक जागचं हललं नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच.

‘काय लागलं हाताला?’

‘सैल आहे. दोन्हीकडे.’

‘ऐकलंत? दोन्ही एंड नवे टाका. तोवर गाडी उभी राहू द्या.’

‘दाबून द्या ना यार,’ मालक म्हणाला. ‘चल जाएगा.’

दाबणं म्हणजे झिजलेल्या वाटीवर हातोडा मारून ती गोळ्याभोवती आवळायची. काही दिवस घट्ट वाटतं. मग एक दिवस गोळा निसटतो.

मिस्त्रींनी हात पुसले. ‘दाबायचाच असेल तर आपला गळा दाबा, भिया. एकच जण मरेल.’

मालकाने गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि तिथे एंड दाबून घेतले. वर नवे रबर, भरपूर ग्रीस. बाहेरून बघणाऱ्याला कोरं काम वाटावं.

मग खजरान्याच्या गणपतीला जाऊन गाडीला हार, नारळ. मला म्हणाला, ‘आता गणपती बघतील.’

मी रोज पूजा करणारा माणूस. मीही हात जोडले. गणपतीच्या अंगावर काय ढकललं जातंय ते मला माहीत होतं, आणि मी प्रसाद खाल्ला.

तीन आठवड्यांनी गौतमपुऱ्याहून बटाटे भरून येत होतो. पोत्यांवर भेरू हम्माल बसला होता, तिथलाच. डावा एंड निसटला. स्टीअरिंग माझ्या हातात आणि चाक आपल्या मर्जीचं. गाडी नाल्यात गेली.

भेरूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मालक भेरूच्या भावांना घेऊन थेट कडुनिंबाखाली आला. ‘याच मिस्त्रीने काम केलं होतं.’

भावांनी पाने, हातोडे गटारात फेकले. मिस्त्री एकच सांगत होते, ‘मी हात लावला नाही त्या गाडीला. ड्रायव्हरला विचारा. तो खोटं बोलणार नाही.’

मोठा भाऊ माझ्याकडे वळला. ‘तू बोल. इसी ने बनाई थी?’

मालक माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, ‘गाडी इथेच आणली होती.’

गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, खोटं बोलू नये. बोललो नाही. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

मिस्त्री गटारात उतरून पाने गोळा करू लागले.

मिल बंद, नोकऱ्या नव्हत्या, घरी आई होती: हे कारण मी स्वतःला वर्षानुवर्षं देत आलो. भिकार कारण आहे. मिस्त्रीही त्याच बंद मिलमधून आले होते.

त्यांचं गिऱ्हाईक तुटलं. पुढे ते सुदामा नगरात एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन झाले. मी स्वतःची पिकअप घेतल्यावर तिथे सामान पोचवायला जायचो. ते गेट उघडायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत.

एकदाच त्यांनी हात करून गाडी थांबवली.

‘डावीकडचा एंड वाजतोय. आजच बदल.’

एवढंच. गेट उघडलं.

सामान उतरवून गॅरेजला गेलो. डावीकडचाच होता. नवा टाकला. त्यांना सांगायला मात्र परत गेलो नाही. तितका मर्द मी नव्हतो.

तर आता नीट लिहितो, सगळ्यांना कळेल असं.

त्या गाडीला केशव मिस्त्रींनी हात लावला नव्हता. त्यांनी नवे एंड टाकायला सांगितलं होतं. मालकाने जुनेच दुसरीकडे दाबून घेतले. मला माहीत होतं आणि मी गाडी चालवली.

मालकाच्या पोस्टखालीही हेच लिहून आलो आहे. त्याने ते काढलं तर पुन्हा लिहीन.

भेरू आणि त्याचे भाऊ फेसबुकवर नाहीत. उद्या सकाळी गौतमपुऱ्याला जातोय. त्यांच्या दारात उभा राहून तोंडाने सांगणार आहे.

मिस्त्री, क्षमा मागत नाही. ती तुम्ही असताना मागायची होती.

शेवटचा नमस्कार.