मागची काच

नव्या गाडीच्या रबराचा वास नाकात गेला आणि दौंडच्या शोरूममध्ये उभ्या उभ्या माझं डोकं तापलं. सेल्समन पिकअपच्या केबिनची मागची काच सरकवून दाखवत होता. "मागं बसलेल्यांशी बोलता येतं, ताई. लई उपयोगाची हाय."

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही मांडवगणहून अशाच पिकअपमधून शिरूरला निघालो होतो. मेंढरं बाजाराला आणि पोर दवाखान्याला, एकाच खेपेत. नवरा गाडी चालवत होता, शेजारी माझे चुलत सासरे, आप्पा. सासऱ्याशेजारी सून बसत नाही, म्हणून मी मागं हौद्यात, मेंढरांत. मांडीवर तापानं फणफणलेलं पोर, खाली भाजणारा पत्रा, नाकात काचेच्या तापलेल्या रबराचा वास. मी काच वाजवली. आप्पांनी ती बोटभर सरकवली.

"आप्पा, पाणी द्या. पोराचं डोळं फिरत्यात."

"मेंढरांचा वास येतुय," म्हणत त्यांनी काच लावली आणि आतून खटका दाबला. सगळा जन्म मेंढरांमागं काढलेला माणूस. नवऱ्यानं आरशात पाहिलं आणि गाडी हाकत राहिला.

तेव्हा मी त्यांचा मान राखून गप्प बसले. आज त्यांच्यापेक्षा त्या गप्प बसण्याचाच राग जास्त येतो.

तेच पोर आता गाडी घेतंय. "आई, सरकणारी काच घ्यायची का?"

"घे," मी म्हणाले. "पण खटका मागच्या बाजूनं बसव."