म्हशींनी पाडलेला दुष्काळ

शिरूर तालुक्यात माझ्या मामांच्या गावी एक तळं आहे. त्याच्या गाळावर मी पीएचडी करत होते. विषय सरांनी सुचवला. तळं फुकट आणि मामीच्या हातचं जेवणही फुकट, एवढाच त्यामागचा शास्त्रीय विचार. दौंडला घरी मला यंदाचीच मुदत होती. प्रबंध झाला तर ठीक, नाहीतर माझा फोटो स्थळांकडे फिरायला तयारच होता.

गाळात पाइप ठोकून थर काढले, वाळवले, प्रयोगशाळेत पाठवले. झाडांचा कार्बन हलका असतो, ऊस-ज्वारीच्या जातीच्या गवतांचा जरा जड. त्यावरून तळ्याभोवती कधी काय उगवत होतं ते कळतं. काठावर सगळं बाभळीचं रान, आणि वरच्या थरांचे आकडे मात्र जड आले. भलतेच जड. सर हरखले. पाऊस आटला, झाडं मेली, गवत माजलं, असा अख्खा दुष्काळ त्यांनी चहा निवायच्या आत पाडला आणि परदेशातल्या परिषदेला कळवूनही टाकला.

मी म्हटलं, "सर, बाभळी हिरव्यागार आहेत."

"आकडे बघ. बाभळी काय बघतेस?"

पुढच्या खेपेला मी काठावर बसले होते. मामीच्या म्हशी सकाळी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पोटभर खाऊन पाण्यात उतरल्या होत्या. त्यांच्या शेजारी गावातल्या बाकीच्या म्हशी. गावात ऊस आल्यापासून हे रोजचंच. सरांचा दुष्काळ माझ्या डोळ्यांदेखत शेपटी वर करत होता.

मी शेण वाळवून डब्यात भरलं आणि एसटीने पुण्याला नेलं. शेजारची बाई उतरेपर्यंत नाकाला पदर लावून बसली. तपासणीत शेणाचा आकडा गाळाशी जुळला. सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग परिषदेत त्यांनी म्हशीच वाचल्या, 'मानवी हस्तक्षेप' या नावाने. टाळ्या पडल्यावर माझ्या प्रबंधावर सही झाली आणि दौंडला फोटो पुन्हा कपाटात गेला.

पेढे घेऊन मामीकडे गेले तेव्हा ती गोठ्यात होती. सगळं तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी म्हशीच्या शेणावर डाक्टर झालीस व्हय?"

"हो."

"आन् मी लगीन झाल्यापास्नं उचलतीया. मला कवा कुणी इचारलं बी न्हाई."

मी हसले. ती हसली नाही. तिचे हात कोपरापर्यंत भरलेले होते, म्हणून पेढा मीच तिच्या तोंडात घातला.