शालनने सगळ्या गावांचे गठ्ठे एकदम लावले

हार आला, तीनशे रुपयांचा. फोटो फ्रेम करून आला, त्याचे साडेआठशे. पेढे पाव किलोच, पण डबा मोठा.

फोटोखाली सोनेरी अक्षरांत 'आदर्श गृहिणी'.

शालनची नोकरी गेली तेव्हा हे सगळं आणणाऱ्यांपैकी कुणी आलं नव्हतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी पूजा उरकली आणि लिहायला बसले.

शालन माझी नणंद. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणायचे, स्वयंपाकघरात नुसतं शालन.

मी लग्न होऊन नगरला आले तेव्हा सावेडीत शेतं आणि बाभळी होत्या. सत्तर सालानंतरची पहिली एक-दोन वर्षं. आणि ही पुण्यात मामांकडे राहून चक्क कॉम्प्युटरवर काम करायची. आमच्या आळीत तो शब्दही कुणाला धड म्हणता येत नव्हता.

तिच्या ऑफिसात एका साखर कारखान्याचे उसाचे हिशेब व्हायचे. भोकं पाडलेली कार्डं. एका गावाची कार्डं म्हणजे एक गठ्ठा.

"आधी हुकमाची कार्डं घालायची," सुट्टीला नगरला आली की ती सांगायची. "म्हणजे काय करायचं ते मशीनला सांगायचं. मग एका गावाचा गठ्ठा. तो छापून झाला की थांबवायचं, परत तेच हुकूम घालायचे, मग दुसरं गाव."

"दर गावाला तेच परत सांगायचं?"

"त्याला आठवत नाही हो वहिनी. आमच्या दादासारखंच आहे ते."

दादा म्हणजे आमचे हे. बाहेर पेपर वाचत होते. ऐकलं, पान उलटलं.

त्या वर्षी गावाकडच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, बायकांच्या पंगतीत शालनला वाढायला लावलं.

तिने एक पान धरलं. मीठ, भाजी, भात, वरण, लापशी. ते पुरं वाढलं आणि मग दुसऱ्या पानाकडे वळली.

चुलतसासूबाई कडाडल्या, "अगं ए बये, अशानं शेवटची बाई उद्या जेवंल. येक भांडं घे अन् सरळ सुट. मागं वळून बघू नगं."

सगळी पंगत हसली. शालन वरणाची बादली घेऊन मध्येच उभी राहिली. बायका "वरण, वरण" करतायत आणि ही आपली उभी.

परतताना एसटीत म्हणाली, "वहिनी, हुकूम एकदाच घालायचे. मागे सगळी गावं ओळीने लावायची. दोन गावांच्या मध्ये एक वेगळ्या भोकांचं कार्ड, म्हणजे गाव बदललं हे मशीनला कळेल."

"आणि चुकलं तर? एका गावाचा ऊस दुसऱ्या गावात जायचा."

"म्हणून आधी नुसती गावांची नावं छापून घ्यायची. कुणाकुणाला वाढणार ते बोलून दाखव, मग वाढ."

साहेबांनी करू दिलं. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते.

ज्या कामाला दोन-दोन शिफ्ट बसायच्या ते दुपारच्या चहाच्या आत उरकलं. शालनने सगळ्या मुलींना भजी खिलवली. साहेबांनीही खाल्ली.

पुढच्याच महिन्यात एक शिफ्ट बंद झाली.

कामच उरलं नव्हतं.

शेवटी लागलेल्या मुलींना आधी काढलं. त्यात शालन होतीच.

साहेब म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. उलट काम इतकं चांगलं झालं म्हणूनच ही वेळ आली."

मी मॅट्रिक झालेली बाई. संसाराचा जमाखर्च आजही मीच लिहिते. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

तिच्या शेजारच्या मशीनवर नलू म्हणून मुलगी होती. वडील अंथरुणाला, घर तिच्या पगारावर. तिलाही काढलं.

ती जिन्यात शालनला म्हणाली, "एकेक गाव लावत बसलो असतो तर काय बिघडलं असतं गं? ऊस काय पळून चालला होता?"

शालनने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

आमचे हे म्हणाले, "झालं ते बरं झालं. मिरजगावचं स्थळ थांबलंय, होकार कळवून टाकू."

"दादा, मी दुसरीकडे अर्ज करते."

"आता कशाला? नोकरी टिकली असती तर गोष्ट वेगळी."

त्याच उन्हाळ्यात लग्न. सगळे म्हणाले, देवाची इच्छा. मी रोज पोथी वाचते. देवाचं नाव असं कुठेही चिकटवलेलं मला आवडत नाही.

मिरजगावला हायवेवर त्यांचं दुकान, घरात माणसंच माणसं. पुण्याचं नाव तिने परत काढलं नाही.

एका दिवाळीला गेले तर करंज्या चाललेल्या. शालन एक लाटायची, भरायची, तळायची, मग पुढची लाटी घ्यायची.

मी म्हटलं, "अगं, आधी सगळ्या लाटून घे. मग भर, मग एकदम तळ. तुला मी सांगायचं?"

"नको वहिनी," ती म्हणाली. "काम लवकर संपलं की माणूस लागत नाही."

जावा हसल्या. त्यांना थट्टा वाटली.

आणि ह्या बाईच्या फोटोखाली लोक सोनेरी अक्षरं छापतात.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मुलांबद्दल बोलली नाही, घराबद्दल नाही. मला जवळ बोलावून विचारलं, "वहिनी, नलूला पुढे कुठे काम लागलं असेल का हो?"

मला कुठून माहीत असणार. मी "लागलं असेल" म्हटलं. तिने मान फिरवली.

शालन, तुझ्या वहिनीचा तुला साश्रू नमस्कार.

नलूताई, तुम्ही हे वाचलंत, किंवा त्या शिफ्टमधल्या कुणी वाचलंत, तर पुढे काय झालं ते लिहा. हे माझी नात फेसबुकवर टाकणार आहे, माझा पत्ता तिला मेसेज करून मागून घ्या. फोन नको, कार्डावर चार ओळी पुरेत. शालनवर राग असेल तर तोही लिहा.

पण उलट टपाली कळवा.