समोरच्या शटरवर रोखलेला कॅमेरा

खडकी बाजारात माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून देण्याचं दुकान आहे. आठ वर्षं माझ्याकडे डिझाइन करणारा माणूस नोकरी सोडून गेला, तो कॉम्प्युटरमधली सगळी डिझाइन्स घेऊन. शिवाय जाताना माझ्याकडची पुसूनही गेला. महिनाभरात रस्त्यापलीकडे, बरोब्बर माझ्यासमोर, त्याने स्वतःचं दुकान थाटलं. उद्घाटनाची पत्रिका मला हातात आणून दिली, तीही माझ्याच डिझाइनची. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मग मी कॅमेरे बसवून घेतले. सगळं काम रोज दोन हार्ड डिस्कवर उतरवायचं, त्यातली एक घरी न्यायची, हेही शिकले. कॅमेरेवाला शिडीवरून म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात समोरचं शटर येतंय. अँगल खाली घेऊ का?"

"दिसतंय मला. म्हणूनच राहू द्या."

त्यानंतर त्याच्याकडे कोणतं गिऱ्हाईक शिरतं, हे मी चहा पिता पिता बघायची. दुकान रिकामं दिसलं की चहा गोड लागायचा. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

एका दुपारी त्याच्या बायकोला दुकानाच्या दारातच एका मोटरसायकलने उडवलं आणि चालवणारा पळून गेला. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीचा नंबर कोणी पाहिला नव्हता. माझ्या कॅमेऱ्याने पाहिला होता. त्याच संध्याकाळी मी तेवढा तुकडा हार्ड डिस्कवर उतरवून घेतला. तिच्यासाठी नाही, त्याची नड माझ्या मुठीत असावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या पायरीवर हजर. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"मॅडम, पोलीस म्हणतायत फुटेज आणा. जरा बघता का?"

"कॅमेरेवाला आला की बघू," मी म्हटलं. "मला त्यातलं काय कळतंय?"

तो आणखी तीनदा आला. दर वेळी मी म्हटलं, "कॅमेरेवाल्याच्या मागेच लागलेय." रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, हे त्यालाही माहीत होतं. सोळाव्या दिवशी मी सांगितलं, "पुसलं गेलं हो." त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

परवा त्याची बायको वॉकर टेकत रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. पायरी चढवेना, म्हणून मीच हात दिला. खुर्चीत टेकल्यावर तिने पिशवीतून नारळाच्या वड्यांचा डबा काढला.

"कधीपासून यायचं होतं," ती म्हणाली. "नंबर मिळावा म्हणून तुम्ही पंधरा दिवस किती खटपट केलीत, ते ह्यांनी सांगितलं मला."

नंबर तिच्यापासून हातभर अंतरावर, माझ्या टेबलाच्या खणातल्या हार्ड डिस्कवर होता. तो काढून द्यायचा, तर आधी खोटं कबूल करायला हवं. मी डबा घेतला, आणि तिने आग्रह केला म्हणून तिच्यासमोरच एक वडी खाल्ली.